दाब

पाच वाजून दहा मिनिटांनी दोन पेठांची फायनल सुरू झाली
आणि लक्ष्मीपुरीत, आमच्या तिसऱ्या मजल्यावर,
पडद्यावरच्या रेषा एकेक करून लाल झाल्या.
ज्यांना स्टेडियमात जागा मिळाली नाही त्यांनी मोबाईल उघडले,
ज्यांना मिळाली त्यांनीही.
इर्शाद म्हणाला, मॅडम, गेली लाईन.
गेली नाही, म्हटलं. तुंबलीय.

मागच्या वर्षीपर्यंत इथं एक कारकून होता,
म्हणजे प्रोग्रॅमच, पण कारकूनच तो.
बारा हजार घरांना ओळीनं विचारायचा, किती पाहिजे?
जो तो दुप्पट सांगायचा.
हा बेरीज करायचा, हातचा धरायचा, वाटणी लिहायचा,
आणि वाटणी कदमवाडीत पोचेपर्यंत
कदमवाडी जेवून झोपलेली असायची.

मग ऑफिसची सहल गेली राधानगरीला.
धरण काठोकाठ. सात दरवाजे.
बटण नाही, शिट्टी नाही, कुणी साहेब नाही.
पाणी ठरल्या उंचीला आलं की दार आपणहून उठतं.
शेजारच्या दाराला विचारत नाही,
कोल्हापूरला फोन करत नाही.
त्याला कळतो फक्त आपल्या पाठीवरचा दाब.
बाकीचे फोटो काढत होते.
माझी भजी गार झाली.

परत येऊन मी कारकुनाला निवृत्त केला.
आता प्रत्येक जोडणी म्हणजे एक कण,
प्रत्येक तार म्हणजे एक उतार.
कण घरंगळतात, गर्दी झाली की एकमेकांना ढकलतात,
ढकललेला दुसरी वाट शोधतो.
ग्राफिक्स कार्डावर हजारो कण एकदम हलतात,
कुणी कुणाच्या पाळीची वाट बघत नाही.
घर्षण मात्र ठेवावं लागतं थोडं,
नाहीतर झोका थांबतच नाही:
इकडची गर्दी तिकडं, तिकडची इकडं, रात्रभर.
हे शिकायला मला तीन रात्री लागल्या
आणि राजारामपुरीच्या एकशे चाळीस तक्रारी.

आज त्याच गर्दीत
सरकारी दवाखान्यातून कुणाच्यातरी मेंदूचा स्कॅन
पुण्याच्या डॉक्टरकडं निघाला होता.
त्या कणाला मी आधीच जड करून ठेवलंय.
निसर्गाच्या नियमात दया नसते,
ती वस्तुमानात घालावी लागते, हातानं.

इर्शाद खुर्ची सरकवत जवळ आला.
आपल्या पेठेचं वजन जरा वाढवू काय?
मी नुसतं बघितलं.
न्हाई, आपलं विचारलं, म्हणाला.

एकोणिसाव्या मिनिटाला लाल नारिंगी झालं.
गंगावेशीत अजून चित्र अडखळत होतं,
उद्यमनगरच्या बंद कारखान्यांची रिकामी तार
आपणहून तिकडं कलली. मी सांगितलं नव्हतं.
माउसवरचा हात मी मांडीवर घेतला.
काम नसलेला हात कुठं ठेवायचा
ते कुठल्या समीकरणात नाही.
स्कॅन गेला. पोचल्याची खूण आली.
त्यात काय निघालं ते आम्हाला कळणार नाही,
आम्ही फक्त तार.

आणि तेवढ्यात खिडकीतून
आरडाओरडा आला, शिट्ट्या, फटाक्यांची माळ.
आमच्या पडद्यावर अजून
गोलकीपर बूट बांधत होता.

स्टेडियमापासून इथवर यायला
हवेला लागले पाच सेकंद,
आम्हाला अकरा.
हवेनं कुणाला काही विचारलं नव्हतं,
कणानं कणाला ढकललं, झालं.

कुणी मारला? इर्शाद उभाच राहिला.
थांब, म्हटलं.
येतोय.